सहा खुर्च्या आणि एक स्टूल

ताईने सहावी खुर्ची उचलली, दाराच्या चौकटीवर एकदा आपटली, स्वतःच्या गुडघ्यावर एकदा आपटून घेतली आणि शेवटी पाठीने दार ढकलत ती व्हरांड्यात आणलीच. तिथे पाच खुर्च्या आधीच भिंतीला लागून उभ्या होत्या. समुपदेशन केंद्राचे शिपाईमामा चहाचा कप हातात धरून मघापासून हा उद्योग बघत होते.

"ताई, खोलीला रंग द्यायचाय का?"

"नाही हो मामा."

"मग नोकरी सोडताय?"

"आज कुणी बसणारच नाहीये!"

हे ती इतक्या खुशीत म्हणाली की मामांनी कप खिडकीत ठेवला. गेले चार आठवडे या पोरीचं तोंड एवढंसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. दर शनिवारी अकरा वाजता ती बेकरीवाली मंडळी यायची, आणि बारा वाजता ही बाहेर यायची ती नापास झाल्यासारखी. आज मात्र स्वारी गुणगुणत खुर्च्या वाहत होती.

ताई समुपदेशक होती. ज्यांच्यावर काही भयंकर ओढवलं आहे अशा माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, त्याहून जास्त ऐकायचं, हे तिचं काम. नोकरीला सहा महिने झाले होते. वय अठ्ठावीस, उत्साह अठराचा. आणि या बेकरीवाल्यांनी त्या उत्साहाला पार टेकीला आणलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी त्यांच्या भट्टीत गॅसचा भडका उडाला आणि घरातला चोवीस वर्षांचा थोरला मुलगा उजव्या हातापासून मानेपर्यंत भाजला. हात बरा झाला. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. मेकॅनिक येऊन नवी नळी टाकून गेला, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी झडप बसवून गेला. सगळं झालं, भट्टी तेवढी पेटली नाही. कारण त्या घरात भट्टी आत्याच्या शब्दावर पेटायची. थोरल्याची ही आत्या साठीची. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या संसारात राहिली, आणि वडिलांच्या माघारी चाळीस वर्षं भट्टी तिनेच सांभाळली. ती भट्टीच्या तोंडाशी वाकून वास घ्यायची, साठलेला गॅस निघून जावा म्हणून दार उघडं ठेवून शंभर आकडे मोजायची आणि मग म्हणायची, "पेटव." तिचा हा शब्द आल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा घरचा कायदा. थोरल्याने त्या दिवशी तो मोडला होता. मला घाई झाली, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं.

तेव्हापासून आत्या "पेटव" म्हणाली नव्हती. थोरल्याशी कामापुरतंच बोलायची. थोरला तर मूग गिळून गप्पच. शेवटी त्याने दुसऱ्या गावी गोदामात खोकी बांधायची नोकरी धरली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आत्या "जा" म्हणाली नाही, "नको जाऊस" असंही म्हणाली नाही. म्हणजे आजचा शनिवार शेवटचा. आज गाठ सुटली तर सुटली, नाहीतर पोरगा घराबाहेर, भट्टी कायमची थंड, आणि ताईच्या फाइलवर "प्रकरण बंद" असा शिक्का.

आता गंमत अशी की चार आठवड्यांत ही पाच माणसं त्या खोलीत एकदाही बसली नव्हती. आत्या आत यायची, खिडकीजवळ भिंतीला एक हात लावून उभी राहायची. ती बसत नाही म्हटल्यावर तिचा भाऊ, म्हणजे थोरल्याचा बाप, कसा बसणार? भाऊ बसत नाही तर त्याची बायको, वहिनी, कशी बसणार? मोठ्यांच्या आधी टेकायचं नाही, ही त्या घरची रीत. धाकटी, म्हणजे थोरल्याची एकोणीस वर्षांची बहीण, तिने एकदा सांगून टाकलं होतं, "ताई, आम्ही घरी जेवतो पण उभ्यानेच. आत्या म्हणते तिचे पाय आखडतात. आठ महिने झाले. मी कॉलेजात जाते ना, ते फक्त बसायला जाते."

त्यावर कुणीच हसलं नव्हतं. ताईने वहीत लिहिलं होतं: कुटुंब सहकार्य करत नाही.

काल दुपारी केंद्राच्या मोठ्या बाईंनी ती वही वाचायला घेतली. बाईंना या कामात तीस वर्षं झाली होती आणि त्या रागावायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या. ते जास्त वाईट.

"तू त्यांना पहिलं वाक्य काय बोलतेस?"

"बसा म्हणते."

"मग?"

"ते बसत नाहीत."

"मग दुसरं वाक्य?"

"अहो, बसा ना. मोकळेपणाने बसा."

"तिसरं?"

ताईचे कान गरम झाले. "संकोच करू नका, बसा."

मोठ्या बाईंनी वही मिटली. "चार आठवडे तू एकच गोष्ट सांगते आहेस आणि ती माणसं एकच गोष्ट करत नाहीयेत. सहकार्य कोण करत नाहीये मग?"

ताई घरी जाताना बसमध्ये दांडीला धरून उभी होती तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण "बसा" म्हणालो की आत्याचा हात भिंतीकडे जातो. आणि त्याच क्षणी थोरला जमिनीकडे बघतो. दर वेळी! चारही वेळा! ते आपल्या डोळ्यांदेखत घडत होतं आणि आपण खुर्च्या पुढे सरकवत होतो. "अगं बाई!" असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या बाईने आपली पर्स घट्ट धरली.

कारण काय असेल ते तिला माहीत नव्हतं. पण ते आज खोदून काढायचं नाही, एवढं तिने ठरवलं. आधी खुर्च्या काढायच्या.

अकराला दोन मिनिटं असताना मंडळी आली. पुढे आत्या, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तिच्यामागे भाऊ आणि वहिनी, मग धाकटी, सगळ्यांत शेवटी लांब बाह्यांचा शर्ट घातलेला थोरला. आत्याने दारातूनच खोली बघितली.

"खुर्च्या कुठे गेल्या?"

"बाहेर काढल्या."

"का?"

ताईने यावर सकाळी आरशासमोर चांगलं पाच मिनिटांचं उत्तर तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"नको होत्या म्हणून," ती म्हणाली.

आत्याने तिच्याकडे बघितलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा तिने ताईला नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग रिकाम्या खोलीकडे बघितलं.

"मग इथे काय भिंती बघत राहायच्या? उभंच राहायचं तर आमच्याकडे चल. हाताला काम तरी असेल."

ताईला आनंदाने उडी मारावीशी वाटली. तिने व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाईंच्या दाराकडे बघितलं. बाई चष्म्यावरून बघत होत्या. त्यांनी मान हलवली आणि बाहेरभेटीची वही पुढे सरकवली. ताईने सही केली ती भलत्याच रकान्यात.

रस्त्याने वरातच निघाली. पुढे आत्या, तिच्या बरोबरीने चालताना धापा टाकणारी ताई, मागे बाकीचे. चपला शिवणारा वर बघू लागला. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली.

"आत्या, सगळं घर घेऊन कुठे?"

"कामाला!" आत्या म्हणाली, आणि तो शब्द ऐकून वहिनीने भाऊंचा दंड धरला. गेल्या आठ महिन्यांत त्या घरात कुणी हा शब्द उच्चारला नव्हता.

बेकरीच्या पुढच्या बाजूला दुकान होतं. फळीवर पाव होते, पण ते दुसऱ्यांच्या भट्टीतले. भाऊ रोज सकाळी सायकलवर जाऊन ते आणायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा न भिडवता विकायचे. दाराजवळ एक भरलेली बॅग ठेवली होती. थोरल्याने दोन दिवस आधीच भरली होती. आत्या तिच्याकडे न बघता वळसा घालून आत गेली.

आतली खोली लांबट. मधोमध जाड लाकडाचं टेबल, कमरेएवढं उंच, वर्षानुवर्षं पीठ मळून मधे खोलगट झालेलं. भिंतीत भट्टी, लोखंडी दार बंद. कोपऱ्यात फळीखाली एक लाकडी स्टूल, त्यावर चार रिकामे डबे रचलेले. ताईने सवयीने खोलीतल्या बसायच्या जागा मोजल्या. ते स्टूल सोडून दुसरी एकही नव्हती.

"एप्रन बांध," आत्या म्हणाली. "केस वर घे. हात कोपरापर्यंत धू."

"मी?"

"मग कोण? बघायला आलीस?"

ताई कधी पीठ मळायला उभी राहिली नव्हती, हे पहिल्या मिनिटातच सगळ्यांना कळलं. पीठ तिच्या बोटांना चिकटलं, मनगटाला चिकटलं, तिने कपाळ पुसलं तेव्हा कपाळाला चिकटलं. धाकटी खुदकन हसली. वहिनीने तोंड फिरवून हसू दाबलं. थोरल्याचेही ओठ हलले.

"मनगटाने नाही, खांद्याने," आत्या म्हणाली. "अंग टाक त्याच्यावर. असं. पीठ ते, मोडणार नाही."

"आत्या, हे मला खातंय."

"खाऊ दे. दमलं की सोडेल."

आणि काय आश्चर्य, दहा मिनिटांत ते खरंच सुटायला लागलं! ताईला इतका आनंद झाला की ती इथे कशासाठी आली आहे तेच क्षणभर विसरली. टेबलाभोवती सहा माणसं, बारा हात, आणि पिठाच्या आपटण्याचा आवाज. थोरल्याने बाह्या वर सारल्या होत्या. उजव्या हाताची कातडी गुळगुळीत आणि ताणलेली, पण बोटं पिठात सराईतपणे फिरत होती. कुणाची नजर कुणाकडे नव्हती. समोरासमोर तोंड करून बसायची गरज नव्हती. ही माणसं अशीच बोलत आली असणार, ताईला वाटलं, आणि मी त्यांना गोल करून बसवत होते!

"एक सांगू का?" ती पिठाकडे बघतच म्हणाली. "कुणाला काही नको वाटलं तर नुसता हात वर करायचा. कारण सांगायचं नाही. आपण लगेच थांबायचं. मीसुद्धा."

भाऊंनी मान हलवली.

"आणि आत्या, माझं चुकलं. चार आठवडे मी तुम्हाला बसा, बसा म्हणत राहिले. तुम्हाला काय हवंय ते विचारलं नाही."

आत्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले, जरा सावकाश.

"त्यात काय चुकलं तुझं? बस म्हणणं वाईट असतं होय?" तिने गोळा उलटा केला. "यानेही मायेनेच म्हटलं होतं."

थोरल्याचे हात थांबले.

"त्या दिवशी पाय सुजले होते माझे," आत्या म्हणाली, ताईला सांगत असल्यासारखी, पण आवाज टेबलभर जात होता. "दुपारची दुसरी खेप लावायची होती. हा म्हणाला, आत्या, तू बस जरा, भट्टीकडे मी बघतो. आणि मी बसले. त्या स्टुलावर."

तिने स्टुलाकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

"नुसती बसले असते तरी चाललं असतं. माझा डोळा लागला." आता तिचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षांत भट्टी चालू असताना मी पापणी मिटली नाही, आणि त्या दिवशी मेली झोपले. ज्योत विझली, गॅस साठला, मला वास आला नाही. पोरगं जळलं आणि मी झोपले होते. हे कुणाला ठाऊक नाही. आज सांगितलं."

वहिनीने पिठाचा हात तोंडावर धरला. ताईच्या जिभेवर तीन वाक्यं आली, तिन्ही चांगली, तिन्ही पुस्तकातली. तिने ती गिळली आणि खांद्याचा जोर पिठावर टाकला.

"मला ठाऊक आहे," थोरला म्हणाला.

आत्याने मान वर केली.

"तू घोरत होतीस."

धाकटीच्या तोंडून हसू फुटलं, ते आवरताना तिला ठसका लागला, आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. पण थोरला हसत नव्हता. त्याने हात टेबलावर सपाट ठेवले होते आणि तो एकेक शब्द काढत होता.

"ज्योत विझलेली मी बघितली. तुझ्याजवळ आलो, पेटव म्हणवून घ्यायला. तू झोपली होतीस. परत गेलो. पुन्हा आलो. तीनदा आलो, आत्या. मी जन्मल्यापासून तुला दिवसाची झोपलेली कधी बघितली नव्हती. म्हटलं, राहू दे. एकदा आपणच पेटवू. शंभर मोजायचे तेवढे विसरलो."

"मग घाई झाली म्हणून का सांगितलंस सगळ्यांना?"

"मग काय सांगू? आत्या झोपली होती म्हणून?"

भाऊंनी आठ महिने या पोराला घाईवरून बोल लावले होते. जेवताना, दुकानात, चारचौघांत. "तुझी घाई आम्हाला भोवली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यांनी आता तांब्या उचलला आणि आपल्या पिठात पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. पिठाची पार लापशी झाली तरी ते ओतत राहिले, तेव्हा वहिनीने तांब्या हळूच काढून घेतला.

"बाबा," थोरला म्हणाला, "राहू द्या."

"तू गप्प बस," भाऊ म्हणाले आणि त्यांनी पिठाने माखलेला हात तसाच पोराच्या केसांवर ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

आत्या मात्र अजून एकाच ठिकाणी अडकली होती. "मला वाटलं, तू माझ्याकडे बघत नाहीस ते..."

"आणि मला वाटलं, तू सारखी उभी राहून माझ्यावर पहारा देतेस. तुझा शब्द मोडला म्हणून."

"तुझ्यावर कशाला देऊ पहारा? स्वतःवर देत होते." आत्याने नाक ओढलं. "मी खरंच घोरत होते?"

"चांगली."

"मोठ्याने?"

"पीठ मळायचं मशीन बरं."

"हातपाय मोडून ठेवीन हं!" आत्या म्हणाली, आणि मग ती हसली. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. ती टेबलाला धरून हसली, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसली. ताईचं काय झालं म्हणाल तर तिचे स्वतःचेच डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

गोळे ट्रेमध्ये लागले. वर ओली फडकी पडली. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला, तो धाकटीने विचारला. त्या घरातले अवघड प्रश्न नेहमी तीच विचारायची.

"हे आता तासाभरात फुगणार. फुगल्यावर कुठे न्यायचं? सायकलवर घालून त्या दुसऱ्या बेकरीत?"

आत्याने भट्टीकडे बघितलं. तिने "हो" म्हटलं नाही. "नको" असंही म्हटलं नाही. पण या वेळी ते न म्हणणं वेगळं होतं, हे ताईलाही कळलं.

थोरला पुढे झाला. त्याने दोन्ही खिडक्या उघडल्या. साबणाचं पाणी केलं, फडक्याने गॅसच्या नळीवर फिरवलं.

"बुडबुडे नाहीत, आत्या," तो म्हणाला.

आत्या आपल्या जागेवरून बघत होती. त्याने नवी झडप उघडून, मिटून दाखवली. मग भट्टीच्या लोखंडी दाराला हात घातला, आणि दार करकरलं मात्र, वहिनीचा हात वर गेला.

सगळे थांबले. थोरल्याने दारावरचा हात काढला. कुणी वहिनीला का म्हणून विचारलं नाही. धाकटीने पाणी आणलं, वहिनी दोन घोट प्यायली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली. पाच मिनिटं गेली असतील. मग ती स्वतःच म्हणाली, "हं, आता उघड. मी इथेच आहे."

दार उघडलं. आत अंधार आणि कधीकाळी करपलेल्या पावांचा वास. आत्या वाकली, वास घेतला, बाजूला झाली आणि मोजायला लागली. सुरुवातीला ओठातल्या ओठात, मग धाकटीने आवाज मिळवला, मग भाऊंनी, आणि पन्नाशीनंतर सगळी खोली मोजत होती, ताईसकट. "नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव!" इस्त्रीवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता, तोही मोजत होता. "शंभर!"

थोरल्याने लांब दांड्याची पेटवणी घेतली आणि तो वळला.

आत्या जागेवर नव्हती. ती कोपऱ्यात गेली होती. तिने स्टुलावरचे चारही डबे एकेक करून खाली ठेवले. एप्रनच्या टोकाने धूळ पुसली. स्टूल उचलून भट्टीपासून चार पावलांवर आणलं, बरोबर पूर्वीच्या जागी; फरशीवर त्याच्या पायांच्या खुणा अजून होत्या. मग ती बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि डोळे मिटून घेतले.

इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. थोरला हातात पेटवणी धरून उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एक पाऊल तो पुढे आला आणि थबकला. आत्याची छाती संथ वरखाली होत होती. भाऊ काही बोलायला गेले, वहिनीने त्यांचा हात दाबला. ताईने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली. हाक मार, ती मनात म्हणत होती, अरे मार ना हाक.

थोरला आणखी एक पाऊल आला. मग त्याने पेटवणी खाली ठेवली, वाकला आणि भाजलेला हात आत्याच्या खांद्यावर ठेवला.

"आत्या. ऊठ. पेटव म्हण."

आत्याने डोळे उघडले नाहीत.

"किती वेळ लावलास रे हाक मारायला," ती म्हणाली.

आणि मग, बसल्या जागेवरून, "पेटव."

थोरल्याने पेटवणी उचलून आत धरली आणि भप्प करून निळी ज्योत लागली. धाकटी जोरात ओरडली, इस्त्रीवाल्याने टाळी वाजवली, भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. झडपेवर नजर ठेवून थोरला तिथेच थांबला. ज्योत स्थिर झाल्यावर त्याने दार लावलं आणि कपाळावर आलेला घाम शर्टाला पुसला.

"दादा, सोमवारचं काय?" धाकटीने बॅगेकडे बोट दाखवून विचारलं.

"सोमवारचं पीठ किती भिजवायचं ते आत्याला विचार," थोरला म्हणाला.

आत्या बसली म्हटल्यावर आता बाकीच्यांना बसायला मोकळीक होती, पण बसणार कशावर? वहिनी मैद्याच्या पोत्यावर टेकली आणि तिने पाय लांब केले. भाऊंनी एक खोकं उपडं केलं. धाकटी सरळ फरशीवर पसरली. भट्टी हळूहळू तापायला लागली होती, आणि त्या उबेत ताई अजून टेबलापाशी उभीच होती, कपाळाला पीठ, एप्रन उलटा बांधलेला. आपण निघावं का, असं तिच्या मनात येत होतं.

आत्याने एक डोळा उघडला.

"आणि ही का अजून उभी? सकाळपासून पायांवर आहे पोरगी," ती म्हणाली. "बस ग."

ताई मैद्याच्या दुसऱ्या पोत्यावर बसली.